नवे सीएसएस इफेक्ट काही ब्राउझरमध्ये मजकूरच गायब का करतात: निदान आणि उपाय

संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या संगणकावर पान नीट दिसते आणि वाचकाच्या यंत्रावर तेच पान बिघडलेले दिसते, ही तक्रार जुनीच आहे. पण गेल्या काही वर्षांत तिचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी रकाने एकमेकांवर चढत आणि चौकटी खाली घसरत. आता मांडणी बहुधा जागच्या जागी असते आणि नाहीसा होतो तो मजकूर. शीर्षकाच्या जागी नुसती रंगीत पट्टी दिसते, बटणाचा रंग उडाल्यामुळे पांढऱ्यावर पांढरी अक्षरे उरतात, वर चिकटून राहणाऱ्या मेनूतील शब्द मागच्या छायाचित्रात मिसळून जातात, किंवा पान कितीही खाली सरकवले तरी त्याचा अर्धा भाग कोराच राहतो. ही लक्षणे सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) वेगवेगळ्या प्रॉपर्टींमुळे दिसत असली तरी त्यांच्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते.

ब्राउझरला स्टाइलशीटमधील, म्हणजे सीएसएसच्या फाइलमधील, जी ओळ समजत नाही ती तो वगळतो आणि पुढे जातो. १९९६ सालच्या पहिल्या सीएसएस प्रमाणकापासून हा नियम आहे आणि तो चांगला आहे, कारण त्याच्याच बळावर तीस वर्षांपूर्वीची पाने आजही उघडतात. अडचण अशी की आजच्या बहुतेक इफेक्टना दोन बाजू असतात: एक बाजू जे आहे ते काढून घेते आणि दुसरी नवे काहीतरी देते. अक्षरांत ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणारी छटा) भरायचा तर अक्षरांचा स्वतःचा रंग आधी पारदर्शक करावा लागतो. काचेसारखा मेनू हवा तर त्याची भरीव पार्श्वभूमी विरळ करावी लागते. स्क्रोल करताना मजकूर हळूहळू उमटावा असे वाटत असेल तर तो आधी अदृश्य करावा लागतो. काढून घेणारी बाजू जुन्याच प्रॉपर्टींनी लिहिलेली असल्यामुळे जुना ब्राउझर ती निमूटपणे पाळतो आणि देणारी बाजू न समजल्यामुळे सोडून देतो. म्हणून ‘हा इफेक्ट वापरावा की नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवून, त्याच्या दोन्ही बाजू एकाच अटीला बांधल्या आहेत की नाहीत, एवढेच आधी तपासावे.

‘जुना ब्राउझर’ आता नेमका कोणता

अनेकांच्या मनात जुना ब्राउझर म्हणजे अजूनही इंटरनेट एक्सप्लोरर असतो. मायक्रोसॉफ्टने त्याला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. त्याची चिंता आता सोडावी. आजचे जुने ब्राउझर दिसायला अगदी नव्यासारखे असतात, आणि त्यामुळेच ते लक्षात येत नाहीत.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे क्रोम १०९. जानेवारी २०२३ मध्ये आलेली ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती आहे. एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात, सेतू केंद्रात किंवा छपाई करून देणाऱ्या दुकानात विंडोज ७ चे यंत्र अजून चालू असेल, तर त्यावरील क्रोम कितीही वेळा ‘अपडेट’ केला तरी १०९ च्या पुढे जाणार नाही. या आवृत्तीचे दुर्दैव असे की कितीतरी नव्या सोयी तिच्या लगेच नंतर आल्या. ओकेएलसीएच ही रंग लिहिण्याची नवी पद्धत आणि दोन रंग मिसळणारे कलर-मिक्स हे फंक्शन क्रोम १११ मध्ये आले, नियमांच्या आत नियम लिहिण्याची म्हणजे नेस्टिंगची सोय ११२ मध्ये, स्क्रोलशी जोडलेली अ‍ॅनिमेशन ११५ मध्ये आणि सबग्रिड (आतल्या घटकांना बाहेरच्या ग्रिडच्या रेषा वापरू देणारी सोय) ११७ मध्ये. उलट ‘हॅज’ सिलेक्टर (आत काय आहे त्यावरून घटक निवडणारा) आणि कंटेनर क्वेरी (घटकाच्या चौकटीच्या आकारानुसार नियम लावणारी) १०५ मध्येच आल्यामुळे त्या तिथे व्यवस्थित चालतात. त्यामुळे अशा यंत्रावर पान अर्धे आधुनिक आणि अर्धे मोडलेले दिसते, आणि निदान करणारा गोंधळतो.

विंडोज ७ वर फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी ११५ ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती शेवटची ठरली. तिथे चित्र उलटे आहे. ओकेएलसीएच तिला कळते, पण ‘हॅज’ सिलेक्टर कळत नाही, कारण तो फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ च्या १२१ व्या आवृत्तीत आला. अँड्रॉइड ७ असलेला फोन क्रोम ११९ वर थांबतो, तर अँड्रॉइड ८ आणि ९ असलेले फोन १३८ वर. आयफोन ६एस आणि ७ हे आयओएस १५ च्या पुढे जात नाहीत, आणि सफारीचे इंजिन आयओएसबरोबरच बदलत असल्यामुळे त्या फोनवर कंटेनर क्वेरी, कलर-मिक्स आणि नेस्टिंग यांपैकी काहीही मिळत नाही. आयफोनवर सफारीऐवजी क्रोम किंवा फायरफॉक्स टाकून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो निरुपयोगी आहे. युरोपीय संघासारखे अपवाद वगळता आयफोनवरचे सर्व ब्राउझर आतून सफारीचेच वेबकिट इंजिन वापरतात. बदलते ते फक्त वरचे आवरण.

निदान: आपल्याच ब्राउझरमध्ये बिघाड घडवून आणणे

तक्रार करणाऱ्याकडून सर्वप्रथम ब्राउझरचे नाव, आवृत्तीचा आकडा आणि यंत्राची प्रणाली या तीन गोष्टी मागवाव्यात. ‘क्रोम आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. मेनूतील ‘अबाउट क्रोम’ या पानाचा स्क्रीनशॉट मागवला की बरेचसे तर्क वाचतात.

त्यानंतर जुना ब्राउझर शोधत बसण्याआधी एक सोपी चाचणी घरच्या घरी करता येते. डेव्हलपर टूल्सच्या स्टाइल्स विभागात प्रत्येक ओळीपुढे एक खूण असते. इफेक्ट देणाऱ्या ओळीची खूण काढावी आणि बाकी सर्व तसेच ठेवावे. जे उरते तेच जुन्या ब्राउझरला दिसते. मजकूर वाचता येत असेल तर त्या जागी काही करायचे नाही. वाचता येत नसेल तर बिघाड सापडला. ही चाचणी पान प्रकाशित करण्याआधी केली, तर यातील बऱ्याचशा तक्रारी येणारच नाहीत.

ज्या यंत्रावर बिघाड दिसतो तेच हाती असेल तर स्टाइल्स विभागात खोडलेल्या ओळी पाहाव्यात. नुसती खोडलेली ओळ म्हणजे दुसऱ्या नियमाने तिच्यावर मात केली आहे. खोडलेल्या ओळीपुढे पिवळा त्रिकोण असेल तर ब्राउझरला ती ओळच समजलेली नाही. या दोन खोडण्यांतील फरक न पाहिल्यामुळे लोक ‘इम्पॉर्टंट’ (इतर नियमांवर मात करणारी खूण) लावत सुटतात आणि प्रश्न आणखी गुंतागुंतीचा करून ठेवतात.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये वरच्या यादीतून ‘आयफोन’ निवडला म्हणजे पान आयफोनवर तपासले, असे मानले जाते. त्या निवडीने पडद्याचा आकार, स्पर्शाची नक्कल आणि ब्राउझरने सांगायची ओळख एवढेच बदलते. इंजिन क्रोमचेच राहते. सफारीतील दोष तिथे कधीही दिसणार नाही.

ग्रेडियंट शीर्षक आणि देवनागरीची वेगळी अडचण

शीर्षकाच्या जागी रंगीत पट्टी दिसणे हे ‘बॅकग्राउंड-क्लिप: टेक्स्ट’ या जोडीचे लक्षण आहे. क्रोमने ही व्हॅल्यू उपसर्गाशिवाय, म्हणजे प्रॉपर्टीच्या नावाआधी इंजिनचे नाव न जोडता, डिसेंबर २०२३ च्या १२० व्या आवृत्तीत स्वीकारली. त्याआधी तिथे फक्त ‘वेबकिट’ उपसर्ग असलेली प्रॉपर्टी चालत असे. म्हणजे उपसर्ग न लावता लिहिलेले शीर्षक क्रोम १०९ वर आणि अँड्रॉइड ७ च्या ११९ वरही बिघडते: ग्रेडियंट पूर्ण चौकटीत भरला जातो, अक्षरांपुरता कापला जात नाही आणि अक्षरे मात्र पारदर्शक झालेली असतात.

उपाय असा की मूळ नियमात शीर्षकाला साधा, ठळक रंग द्यावा आणि बाकी काही देऊ नये. ग्रेडियंट, आधी उपसर्गासह आणि मग उपसर्गाशिवाय लिहिलेली क्लिप आणि शेवटी पारदर्शक रंग, हे तिन्ही ‘@सपोर्ट्स’ च्या, म्हणजे ब्राउझरला अमुक ओळ कळत असेल तरच लागू होणाऱ्या, नियमात एकत्र ठेवावे, आणि त्या नियमाच्या अटीत उपसर्ग असलेले व नसलेले असे दोन्ही पर्याय ‘किंवा’ ने जोडावे. ‘@सपोर्ट्स’ क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०१३ पासून आणि सफारीत २०१५ पासून असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या आधाराची काळजी करण्याचे कारण उरलेले नाही.

इतके करूनही पट्टी दिसत असेल तर ‘बॅकग्राउंड’ ही संक्षिप्त प्रॉपर्टी क्लिपच्या नंतर लिहिलेली नाही ना, हे पाहावे. संक्षिप्त प्रॉपर्टी आपल्या पोटातील सर्व व्हॅल्यू मूळ स्थितीला नेते, त्यात क्लिपही आली. माउस नेल्यावरच पट्टी दिसते अशी तक्रार असेल तर हॉवरच्या नियमात कोणीतरी ‘बॅकग्राउंड’ पुन्हा लिहिलेले असते. तिथे ‘बॅकग्राउंड-इमेज’ वापरले की प्रश्न सुटतो. पान छापताना पार्श्वभूमी वगळण्याचा ब्राउझरचा मूळ कल असतो, त्यामुळे कागदावर असे शीर्षक कोरे राहण्याचा धोका आहे. छपाईच्या मीडिया नियमात रंग परत भरीव करून ठेवावा, विशेषतः अर्ज, पावती किंवा निमंत्रणपत्रिका अशा पानांवर.

आता देवनागरीकडे. मराठी शीर्षकात ग्रेडियंट टाकला की अगदी ताज्या क्रोममध्येही वेलांट्यांचे माथे आणि उकारांचे पाय कापलेले दिसतात, आणि हा ब्राउझरचा किंवा फॉन्टचा दोष आहे असे समजून लोक फॉन्ट बदलत राहतात. ग्रेडियंट हा पार्श्वभूमीचा भाग आहे आणि पार्श्वभूमी चौकटीच्या बाहेर रंगवली जात नाही. तयार थीममध्ये मोठ्या शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची) १ किंवा १.१ ठेवलेली असते. रोमन अक्षरे त्यात मावतात, पण शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार आणि खालचे उकार त्या चौकटीबाहेर जातात. साध्या रंगाची अक्षरे चौकटीबाहेरही उमटतात, म्हणून तोवर हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रेडियंटमध्ये मात्र त्या भागामागे रंगच नसतो. दोन ओळींच्या शीर्षकात पहिल्या ओळीचा माथा आणि शेवटच्या ओळीचा तळ एवढेच कापले जातात, यावरून हे कारण ओळखता येते.

लाइन-हाइट १.४ किंवा १.५ केली की बहुतेक फॉन्टमध्ये काम भागते. रचना घट्टच हवी असेल तर वर आणि खाली अक्षराच्या उंचीच्या पाचव्या भागाइतके पॅडिंग द्यावे आणि तितकेच उणे मार्जिन द्यावे. पार्श्वभूमी पॅडिंगपर्यंत पसरते आणि शेजारचे घटक जागचे हलत नाहीत. तपासणीसाठी ‘मूर्तींची’ हा शब्द वापरावा, कारण त्यात खाली उकार आणि वर वेलांटी, रफार व अनुस्वार असे सगळे एकदम येते. ‘नमस्कार’ लिहून केलेली तपासणी काहीच सांगत नाही.

काचेचा मेनू

मागचे दृश्य धूसर करणारी ‘बॅकड्रॉप-फिल्टर’ ही प्रॉपर्टी सफारीत २०१५ मध्ये उपसर्गासह आली, क्रोममध्ये जुलै २०१९ च्या ७६ व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्समध्ये जुलै २०२२ च्या १०३ व्या आवृत्तीत. गंमत म्हणजे जिने सुरुवात केली त्या सफारीनेच उपसर्ग सर्वांत शेवटी, सप्टेंबर २०२४ च्या १८ व्या आवृत्तीत सोडला. म्हणून आयओएस १७ किंवा त्याआधीच्या आयफोनवर काच दिसत नसेल तर उपसर्ग असलेली ओळ गळलेली आहे असे समजावे. ती हाताने लिहिलेली असूनही गळत असेल तर बांधणीच्या साधनाला (प्रकाशनाआधी कोडवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रामला) दिलेली ब्राउझरांची यादी फार नवी आहे का, ते पाहावे. आणखी एक खोच अशी की त्या जुन्या सफारीत उपसर्ग असलेल्या ओळीत ब्लरचे माप व्हेरिएबलमधून (नाव देऊन साठवलेल्या व्हॅल्यूतून) दिले तर चालत नाही. तिथे प्रत्यक्ष पिक्सेलचा आकडाच लिहावा.

दोन्ही बाजू एकत्र बांधण्याचे तत्त्व इथे सहज लागू पडते. मूळ नियमात मेनूची पार्श्वभूमी जवळजवळ भरीव, म्हणजे शेकडा ९५ च्या आसपास ठेवावी आणि ‘@सपोर्ट्स’ च्या आत ती ६० पर्यंत विरळ करून तिथेच ब्लर द्यावा. ज्याला काच मिळत नाही त्याला भिंत मिळते, पण अक्षरे वाचता येतात.

काचेच्या मेनूतून खाली उघडणारी उपयादी धूसर होत नाही, अशी तक्रार क्रोमच्या ताज्या आवृत्तीतही येते आणि ती सुसंगततेची समस्या समजून वेळ वाया घालवला जातो. हे वर्तन प्रमाणकानुसारच आहे. ज्या घटकाला बॅकड्रॉप-फिल्टर, फिल्टर, मास्क किंवा एकापेक्षा कमी ओपॅसिटी (अपारदर्शकता) आहे, तो आपल्या पोटातील घटकांसाठी मागच्या दृश्याची सीमा ठरतो. आतल्या उपयादीला त्या सीमेपलीकडचे पान दिसतच नाही, मग ती धूसर काय करणार. त्याच कारणाच्या शेजारचा दुसरा त्रास म्हणजे मेनूच्या आत ठेवलेला आणि ‘पोझिशन: फिक्स्ड’ दिलेला मोबाइलचा मेनू पूर्ण पडदा व्यापण्याऐवजी त्या पट्टीतच अडकून बसतो. दोन्हींवर उपाय एकच: ब्लर मेनूवर न देता त्याच्या ‘बिफोर’ या छद्म घटकावर (सीएसएसनेच निर्माण केलेल्या जास्तीच्या घटकावर) द्यावा आणि तो मागे ढकलावा. मग काच ही उपयादीची पालक राहत नाही, भावंड होते, आणि उपयादीला आपली स्वतंत्र काच मिळते.

‘@सपोर्ट्स’ चे उत्तर ‘होय’ आले म्हणजे ब्राउझरला ती ओळ वाचता येते, इतकेच समजावे. ती त्या फोनला झेपते असा त्याचा अर्थ नव्हे. स्वस्त फोनवर मोठ्या त्रिज्येचा ब्लर लांबलचक यादीतील प्रत्येक कार्डावर दिला तर स्क्रोल अडखळतो. एका पडद्यावर एक-दोन काचा पुरेत. कार्डांना साधी भरीव पार्श्वभूमीच शोभते, असे माझे मत आहे.

व्हेरिएबलमधील रंग: सर्वांत फसवा बिघाड

फॉलबॅक, म्हणजे जुन्या ब्राउझरसाठीचा पर्याय, लिहिण्याची प्रचलित पद्धत म्हणजे एकाखाली एक दोन ओळी: आधी जुन्या पद्धतीचा हेक्स रंग, मग नवा ओकेएलसीएच. जुना ब्राउझर दुसरी ओळ वगळतो आणि पहिली टिकते. थेट रंग लिहिलेला असेल तोवर ही पद्धत बिनचूक चालते. रंग व्हेरिएबलमध्ये गेला की ती कोलमडते, आणि हे अनुभवी लोकांनाही पटकन सुचत नाही.

कारण असे आहे. एखाद्या ओळीत व्हेरिएबलचा उल्लेख असला की ब्राउझर स्टाइलशीट वाचताना तिचा निकाल लावू शकत नाही, म्हणून तो तिला वैध धरून ठेवतो आणि तिच्या आधीची फॉलबॅक ओळ तेव्हाच बाद होते. पुढे प्रत्यक्ष रंग काढण्याची वेळ येते तेव्हा व्हेरिएबलमधून ओकेएलसीएच निघते, ते त्याला समजत नाही. पण आता मागे जाऊन बाद केलेली ओळ आणता येत नाही. मग ती प्रॉपर्टी मूळ किंवा वारशाने आलेल्या स्थितीला जाते: पार्श्वभूमी पारदर्शक होते, अक्षराला पालकाचा रंग येतो. निळ्या बटणावरील पांढरी अक्षरे पांढऱ्या पानावर पांढरी उरतात ती अशी. इथे डेव्हलपर टूल्समध्ये पिवळा त्रिकोण शोधूनही सापडत नाही, कारण ओळ वाचताना काहीच चुकलेले नसते.

यावर सुचणारे पहिले दोन उपाय चालत नाहीत. व्हेरिएबल वापरताना स्वल्पविरामानंतर पर्यायी रंग देणे व्यर्थ आहे, कारण तो पर्याय व्हेरिएबल अस्तित्वातच नसेल तेव्हा वापरला जातो. इथे व्हेरिएबल आहे, फक्त त्यातला मजकूर अगम्य आहे. व्हेरिएबलचीच व्याख्या दोनदा, आधी हेक्सने आणि मग ओकेएलसीएचने लिहिणेही व्यर्थ आहे, कारण व्हेरिएबलमध्ये काय लिहिले आहे याची शहानिशा ब्राउझर करत नाही आणि शेवटची व्याख्या डोळे मिटून स्वीकारतो. चालणारा मार्ग म्हणजे मूळ व्याख्या हेक्समध्ये करावी आणि ‘@सपोर्ट्स’ मध्ये ‘कलर’ या प्रॉपर्टीला ओकेएलसीएचचा कोणताही एक नमुना रंग देऊन अट घालावी. त्या अटीच्या आतच व्हेरिएबलला नवा रंग द्यावा. कलर-मिक्ससाठी वेगळी अट लिहावी, कारण सफारीत ओकेएलसीएच १५.४ मध्ये आले आणि कलर-मिक्स १६.२ मध्ये, एकाची अट दुसऱ्याला लावली तर आयओएस १५ वरचे फोन मधल्या फटीत सापडतात. हा बिघाड स्वतःच्या ब्राउझरमध्ये पाहायचा असेल तर व्हेरिएबलच्या व्याख्येचीच खूण काढावी. त्याला पर्यायी रंग दिलेला नसेल तर परिणाम तंतोतंत तोच दिसतो.

हा प्रश्न २०२५ पासून अधिक वेळा समोर येतो, त्याचे कारण टेलविंड हे तयार सीएसएस देणारे फ्रेमवर्क. त्या वर्षी जानेवारीत आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीने आपली सर्व रंगपट्टी ओकेएलसीएचमध्ये नेली, रंगांची पारदर्शकता कलर-मिक्सने काढायला सुरुवात केली आणि व्हेरिएबलचा प्रकार आधीच नोंदवणाऱ्या ‘@प्रॉपर्टी’ वर भर दिला. तिच्या अधिकृत सूचनेनुसार किमान सफारी १६.४, क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ लागतो. क्रोम १०९ या रेषेच्या जेमतेम दोन पावले अलीकडे पडतो. पुढच्या ४.१ मध्ये जुन्या ब्राउझरांसाठी काही डागडुजी झाली, तरी ती किमान मर्यादा लक्षात घेऊनच निवड करावी. ज्या संकेतस्थळाचा वाचक विंडोज ७ वरून येतो, उदाहरणार्थ शासकीय योजनांची माहिती किंवा शाळांचे निकाल देणारे पान, तिथे ३.४ वरच राहणे मला शहाणपणाचे वाटते. आवृत्ती चार घेतलेलीच असेल तर ओकेएलसीएचचे आरजीबीत रूपांतर करणारे प्लगइन बांधणीच्या टप्प्यात बसवावे. त्याची मर्यादा अशी की व्हेरिएबलवर चालणारे कलर-मिक्स बांधणीच्या वेळी सोडवता येत नाही; असे रंग हाताने ठरवून लिहावे लागतात.

जाता जाता: सीएसएस व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवले तर काही अडचण येते का, असे विचारले जाते. येत नाही. ‘--मुख्य-रंग’ हे नाव वैध आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असावी, एवढेच.

स्क्रोलबरोबर उमटणारा मजकूर

पानाचा खालचा भाग कोरा राहणे हे बहुतेक वेळा स्क्रोलशी हालचाल जोडणाऱ्या ‘अ‍ॅनिमेशन-टाइमलाइन’ चे लक्षण आहे. ती क्रोममध्ये जुलै २०२३ मध्ये आली, सफारीत थेट सप्टेंबर २०२५ च्या २६ व्या आवृत्तीत, आणि फायरफॉक्समध्ये ती दीर्घकाळ पडद्यामागे बंदच राहिली आहे. म्हणजे इथे जुन्या यंत्रांचाच प्रश्न नाही. फायरफॉक्सचा अद्ययावत वापरकर्ताही अडकू शकतो.

घटकाच्या मूळ नियमात ओपॅसिटी शून्य लिहू नये. ती कीफ्रेमच्या (हालचालीचे टप्पे सांगणाऱ्या नियमाच्या) पहिल्या टप्प्यातच असावी, आणि संपूर्ण अ‍ॅनिमेशन ‘@सपोर्ट्स’ च्या व कमी हालचाल पसंत करणाऱ्यांसाठीच्या मीडिया अटीच्या आत असावे. टाइमलाइन लिहूनही अ‍ॅनिमेशन पान उघडताक्षणी एकदाच चालून संपत असेल तर ओळींचा क्रम तपासावा: ‘अ‍ॅनिमेशन’ ही संक्षिप्त प्रॉपर्टी टाइमलाइनही मूळ स्थितीला नेते, म्हणून टाइमलाइनची ओळ तिच्या खालीच हवी. काही मिनिफायर (कोड आटोपशीर करणारी साधने) ओळींचा क्रम बदलतात. विकासाच्या वेळी चालणारे आणि प्रकाशनानंतर बंद पडणारे अ‍ॅनिमेशन असेल तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा.

अट खोटे बोलते तेव्हा

‘@सपोर्ट्स’ वर आंधळा विश्वास ठेवता येत नाही अशी काही ठिकाणे आहेत. फ्लेक्सबॉक्स या मांडणीतील ‘गॅप’ (घटकांमधले अंतर) हे त्याचे ठळक उदाहरण. ग्रिडसाठी ‘गॅप’ आधीपासून असल्यामुळे ती प्रॉपर्टी ओळखते का, या प्रश्नाला जुना ब्राउझर ‘होय’ म्हणतो आणि फ्लेक्समध्ये ती लागू मात्र करत नाही. फ्लेक्समधील गॅप फायरफॉक्स ६३, क्रोम ८४ आणि सफारी १४.१ मध्ये आली. त्या आधीच्या यंत्रांची काळजी घ्यायचीच असेल तर ‘आस्पेक्ट-रेशो’ ची अट घालावी. ती प्रॉपर्टी तिन्ही इंजिनांत नंतर आल्यामुळे, ज्या इंजिनाला ती कळते त्याला फ्लेक्समधील गॅप नक्की कळते.

सिलेक्टरच्या (नियम कोणत्या घटकाला लावायचा हे सांगणाऱ्या भागाच्या) बाबतीत वगळण्याचे प्रमाण मोठे असते. स्वल्पविरामाने जोडलेल्या सिलेक्टरांपैकी एक जरी अगम्य असला तरी पूर्ण नियम जातो. हॉवरचा साधा सिलेक्टर आणि ‘हॅज’ चा नवा सिलेक्टर एकाच यादीत लिहिले तर फायरफॉक्स ११५ मध्ये हॉवरही बंद पडतो. ते वेगळ्या नियमांत लिहावेत. कोड दोनदा लिहावा लागतो, पण हा सरळ इलाज आहे.

नेस्टिंग मात्र अटीत बांधून काही हाती लागत नाही. न समजणाऱ्या ब्राउझरमध्ये आतला नियम जातोच, शिवाय त्याच्या लगेच नंतर लिहिलेली साधी ओळही तो गिळतो, कारण वाचनातली चूक पुढच्या अर्धविरामापर्यंत धरली जाते. ‘पॅडिंग कुठे गेले’ असा प्रश्न क्रोम १०९ वर पडला आणि ती ओळ नेस्ट केलेल्या नियमाच्या खाली असेल तर हेच झाले आहे. नेस्टिंग बांधणीच्या टप्प्यावर सपाट करून घ्यावे; बांधणी नसेल तर ते टाळावे.

फॉलबॅक कधी काढून टाकावा

क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही मुख्य ब्राउझरांत एखादी सोय पोचल्यावर तिला ‘बेसलाइन’ या सुसंगततेच्या मोजपट्टीत नव्याने उपलब्ध म्हटले जाते आणि त्यानंतर ३० महिन्यांनी व्यापकपणे उपलब्ध. बॅकड्रॉप-फिल्टर सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यावर आली, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला ती मार्च २०२७ मध्ये पोचते. ही मोजणी उपयोगी आहे, पण ती काळाबरोबर पुढे सरकते आणि क्रोम १०९ किंवा आयओएस १५ सरकत नाहीत. म्हणून फॉलबॅक काढण्याआधी स्वतःच्या संकेतस्थळाच्या भेटींच्या नोंदीत आवृत्त्यांचे आकडे पाहावेत, आणि तेही संपूर्ण संकेतस्थळाचे एकत्रित न पाहता ज्या पानावर अर्ज भरला जातो किंवा पैसे भरले जातात त्या पानाचे वेगळे पाहावेत. जिथे फॉलबॅक म्हणजे केवळ मूळ नियमातील एक भरीव रंग आहे, तिथे तो काढण्याचा विचारही करू नये. काढायचे असतील ते बांधणीच्या वेळी दुप्पट होणारे रंग, उपसर्गांच्या लांब याद्या आणि ब्राउझरचे नाव वाचून निर्णय घेणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट. या शेवटच्या तर आजच काढाव्यात, कारण क्रोम स्वतःची ओळख सांगताना त्यात सफारीचेही नाव घेतो.